भिंत आपली, म्हैस शेजाऱ्याची : घराच्या विम्यात 'थर्ड पार्टी' कुठे असते?

(हा भागाचा लिखित मजकूर आहे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत. सगळे नाही.)

टर्म इन्शुरन्सवरच्या भागानंतर बऱ्याच व्हॉइस नोट आल्या. त्यातली एक आमच्या शिराळा तालुक्यातलीच होती. गाव आणि नाव सांगत नाही, पण प्रश्न जसाच्या तसा सांगतो, कारण इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

"दादा, आमच्या जुन्या घराची मागची भिंत पावसात पडली. भिंतीच्या पलीकडं शेजाऱ्याचा गोठा हाय. त्याची दुभती म्हैस दगावली. आता तो म्हणतोय, म्हशीचे पैसे द्या. आमच्या घराचा विमा हाय, वरचा मजला बांधताना बँकेनं काढायला लावलेला. ती कंपनी म्हशीचे पैसे देईल का?"

थोडक्यात उत्तर: बहुतेक नाही. पण 'बहुतेक'च्या आत बरंच काही आहे आणि आजचा भाग त्यावरच आहे. आधीच सांगतो, मी विमा एजंट नाही आणि वकीलही नाही. बीटेक करून पुण्यात कोड लिहितो. पण पॉलिसीचा मजकूर वाचायला मला आवडतो, कारण तो एखाद्या सॉफ्टवेअरच्या स्पेसिफिकेशनसारखाच असतो. काय होईल तेही लिहिलेलं असतं आणि काय होणार नाही तेही. फक्त दुसरी यादी बारीक अक्षरात असते.

गाडीच्या विम्यापासून सुरू करू, कारण तो आपल्या सगळ्यांना कळतो. गावातल्या कुठल्याही स्प्लेंडरवाल्याला विचारा, 'थर्ड पार्टी' म्हणजे काय ते तो सांगेल. माझ्या गाडीनं दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायद्यानं हा विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीचं नुकसान हा वेगळा भाग, तो घ्या नाहीतर राहू द्या. म्हणजे गाडीच्या बाबतीत कायद्यानं आधी दुसऱ्याचा विचार केलाय, मग तुमचा.

घराच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. घराला थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. बँक जो विमा काढायला लावते तो बँकेचं तारण सुरक्षित राहावं म्हणून, शेजाऱ्याच्या म्हशीसाठी नव्हे. पण तोंडी 'घराचा विमा' म्हटलं की आपल्या डोक्यात सगळंच येतं: घर, घरातली माणसं, घरामुळे जे काही होईल ते. घोळ इथेच होतो.

आज घरासाठी जी प्रमाणित पॉलिसी मिळते तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. विमा नियामकानं म्हणजे आयआरडीएआयनं 1 एप्रिल 2021 पासून ती आगीचा विमा विकणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवायला लावली. पॉलिसी चांगली आहे, भाषा सोपी आहे. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, झाड किंवा वाहन घरावर आदळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, या सगळ्यांनी तुमच्या घराचं नुकसान झालं तर भरपाई. घरातलं साधं सामान, वेगळी यादी न देता, इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत आपोआप धरलं जातं. वर थोडे जादा पैसे भरले तर विमाधारक आणि त्याचा जोडीदार यांच्यासाठी 5-5 लाखांचं अपघाती मृत्यूचं संरक्षण मिळतं.

आता हे सगळं पुन्हा एकदा वाचा आणि 'शेजारी' शब्द शोधा. 'पाहुणा' शोधा. 'रस्त्यानं जाणारा' शोधा. नाहीये. दुसऱ्याला द्यावी लागणारी भरपाई हा या पॉलिसीचा विषयच नाही.

त्यातही एक मेख आहे. पूर किंवा वादळ यांनी भिंत पडली तर गोष्ट वेगळी, पण जुनी दगड-मातीची भिंत चार पावसाळे पाणी पिऊन पाचव्या पावसाळ्यात बसली, तर कंपनी 'झीज' किंवा 'देखभालीचा अभाव' म्हणू शकते. मग शेजाऱ्याची म्हैस राहू दे बाजूला, तुमच्या स्वतःच्या भिंतीच्या पैशांसाठीच भांडावं लागतं. त्यामुळे सर्व्हेअर येण्याआधी ढिगारा उचलू नका, फोटो काढा, आणि त्या दिवशीच्या पावसाची बातमी, तलाठ्याचा पंचनामा जे मिळेल ते जपून ठेवा. 2019 च्या पुरात वारणेकाठच्या गावांत पंचनाम्याचा एक कागद किती कामाला येतो ते आपण पाहिलंय.

मग दुसऱ्याला द्यायची भरपाई कुठे मिळते? जुन्या पद्धतीच्या 'हाउसहोल्डर्स पॅकेज' पॉलिसीत. या पॉलिसीचे भाग पाडलेले असतात: आग, घरफोडी, दागिने, उपकरणांचा बिघाड, प्रवासातलं सामान, आणि बहुतेकदा अगदी शेवटी 'सार्वजनिक दायित्व', ज्याला एजंट लोक पब्लिक लायबिलिटी म्हणतात. आगीचा भाग घ्यावाच लागतो, बाकीचे आपण निवडायचे. दागिने आणि घरफोडी लोक निवडतात. शेवटच्या भागावर खूण करायला कोणी सांगत नाही, कारण एजंटलाही त्यात फार कमिशन नसतं आणि गिऱ्हाइकालाही ते नाव ऐकून काही बोध होत नाही. माझ्या मते या भागाला सरळ 'घराची थर्ड पार्टी' म्हणायला पाहिजे होतं. खपला असता.

एक खबरदारी. 1991 चा 'सार्वजनिक दायित्व विमा कायदा' म्हणून एक कायदा आहे. गूगलवर शोधलं की आधी तोच येतो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर तो झाला आणि तो घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. आपल्या घराशी त्याचा संबंध नाही.

आता म्हशीकडे वळू. समजा प्रश्न विचारणाऱ्या भावाकडे दायित्वाचा भाग असता. तरी कंपनीचा पहिला प्रश्न असता: तुम्ही कायद्यानं देणं लागता का? हा भाग 'कायदेशीर जबाबदारी'पुरताच असतो. शेजाऱ्याशी संबंध चांगले राहावेत म्हणून दिलेले पैसे कंपनी भरून देत नाही. त्यामुळे भिंत पडली तर मालक जबाबदार असतो का, हे आधी बघावं लागेल.

यावर आपल्या न्यायालयांनी बरंच सांगून ठेवलंय. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा 1958 मध्ये प्रकाशित झालेला एक निकाल आहे, कल्लूलाल विरुद्ध हेमचंद. पावसाच्या दिवशी एका इमारतीची भिंत कोसळली आणि दोन मुलं गेली. मालक म्हणाला, ही तर दैवी आपत्ती, मी काय करणार? त्या दिवशी पाऊस पडला होता 2.66 इंच, म्हणजे साधारण 68 मिलिमीटर. न्यायालय म्हणालं, पावसाळ्यात एवढा पाऊस येणार हे धरूनच चालायला हवं, ही काही असाधारण गोष्ट नाही. मालक जबाबदार.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. आपलं हवामान खातं चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेलं की त्याला 'मुसळधार' म्हणतं. म्हणजे तो पाऊस खरंच मुसळधार होता. तरीही न्यायालयाला तो सबब म्हणून चालला नाही. मग चांदोलीच्या बाजूला, जिथे असे दिवस एका जुलैत कितीतरी येतात, तिथल्या घरमालकानं 'देवाची करणी' म्हणून हात वर केले तर ते कितपत टिकेल, तुम्हीच ठरवा.

दुसरा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, 1966 चा. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली. मनोरा सुमारे 80 वर्षांचा आणि त्या पद्धतीच्या बांधकामाचं आयुष्य 40-45 वर्षांचं. महापालिका म्हणाली, बाहेरून काही दिसत नव्हतं. न्यायालयानं सांगितलं, रस्त्यालगतच्या बांधकामाच्या मालकाला दोष दिसत होता की लपलेला होता हा मुद्दा वाचवू शकत नाही. तपासणी करणं हे त्याचं काम. 1999 मध्ये झाडाच्या बाबतीतही तसंच झालं. वाळकी फांदी स्कूटरवाल्याच्या डोक्यात पडली आणि झाडाची देखभाल ज्या महापालिकेकडे होती तिला भरपाई द्यावी लागली. परसातलं शेवग्याचं झाड शेजाऱ्याच्या पत्र्यावर झुकलेलं असेल तर हा निकाल लक्षात ठेवा. शेवग्याची फांदी किती ठिसूळ असते हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं.

म्हणजे आपल्या भावाची बाजू कायद्यानं कमजोर आहे. पण लक्षात घ्या, इथे विम्याच्या दृष्टीनं ही चांगली बातमी असते! दायित्वाचा भाग असता तर 'मी कायद्यानं देणं लागतो' हे सिद्ध होणं त्याच्या फायद्याचं. मात्र नगरपंचायतीनं किंवा ग्रामपंचायतीनं 'भिंत धोकादायक आहे' अशी नोटीस आधीच दिली असेल आणि ती कपाटात पडून असेल, तर कंपनी 'वाजवी काळजी घेतली नाही' या अटीवर बोट ठेवणार. काळजी इतकीही सोडायची नाही की पॉलिसीच मोडेल.

आता मला सगळ्यात अवघड वाटणारा मुद्दा. या पॉलिसींमध्ये एक अट जवळपास ठरलेली असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, भरपाईचं आश्वासन द्यायचं नाही, तडजोड करायची नाही.

आणि आपल्याकडे भिंत पडल्यावर काय होतं? पहिल्या तासात घरातलं कोणीतरी मोठं माणूस पलीकडे जातं. म्हणतं, "चूक आमची झाली, काय असंल ते बघू, तुम्ही काळजी करू नका." संध्याकाळी चार माणसं बसतात, चहा होतो, आकडा ठरतो. ही आपली पद्धत आहे आणि खरं सांगू, ती कोर्टापेक्षा शंभर पटीनं बरी आहे. शेजारी आयुष्यभर शेजारी राहणार असतो. पण पॉलिसीच्या भाषेत त्या एका वाक्यात तुम्ही जबाबदारी कबूल केलीत, आश्वासन दिलंत आणि तडजोडही केलीत. कंपनी म्हणू शकते, आम्हाला न विचारता ठरवलंत, आता तुम्हीच भरा.

मग काय तोंड फिरवून बसायचं? मुळीच नाही. मदत करणं आणि जबाबदारी कबूल करणं यात फरक आहे. जखमी माणसाला दवाखान्यात न्या, ढिगारा उपसायला हात लावा, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. यातलं काहीच कुठली पॉलिसी अडवत नाही. फक्त आकडा ठरवू नका आणि सही करू नका. त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल करा. शेजाऱ्यालाही खरं ते सांगा: विमा आहे, कळवलंय, त्यांचा माणूस येऊन बघेल, तोवर थोडं थांबा. हे सांगायला जीभ जड होते, मान्य. पण शेजाऱ्याला पूर्ण पैसे मिळण्याचा रस्ता अनेकदा हाच असतो.

म्हशीबाबत अजून एक दुवा आहे. शेजाऱ्यानं पशुधन विमा काढला असेल, कानात बिल्ला असेल, तर अपघाती मृत्यूची भरपाई त्याला स्वतःच्या विम्यातून मिळते आणि कोणाची चूक हा प्रश्नच येत नाही. मात्र पैसे दिल्यावर ती कंपनी शेजाऱ्याच्या जागी उभी राहून भिंतीच्या मालकाकडे वसुली मागू शकते. विम्यात या हक्काला 'सबरोगेशन' म्हणतात. एका म्हशीसाठी कोणी एवढी यातायात करेलच असं नाही, पण कागदावर तो हक्क असतो.

बरं, म्हशीवरून पुढे जाऊ. विषय शिराळ्याचा आणि नागाचं नाव नाही असं कसं चालेल? पुण्यात मी शिराळ्याचा आहे असं म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न नागाचाच विचारतो. 2014 सालच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नाग पकडून मिरवणुकीत नेणं थांबलं. त्याआधी पंचमीच्या अगोदर पकडलेले नाग मडक्यात जपून ठेवायचे, त्यांची बडदास्त ठेवायची, मग सोडून द्यायचे, ही पद्धत होती. 2025 मध्ये केंद्रानं दिलेली मर्यादित परवानगीही शैक्षणिक हेतूपुरतीच होती. त्या वादात मी आज शिरत नाही. आपला प्रश्न विम्याचा: घरी आलेल्या पाहुण्याला साप चावला तर?

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक, साप स्वतःहून आला. जुन्या भिंतीच्या भोकात, लाकडाच्या ढिगात, उंदरामागं. तो तुमचा नाही, तुम्ही आणला नाही. केवळ घर तुमचं म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही. पण तुम्हाला माहीत होतं की न्हाणीच्या मागं कालपासून नाग बसलाय, आणि तुम्ही पाहुण्याला न सांगता तिकडं हात धुवायला पाठवलंत, तर निष्काळजीपणा झाला. दायित्वाच्या विम्यात बसू शकेल असा हाच प्रकार.

दुसरं, साप तुम्ही ठेवला होता. मग चित्र पालटतं. रानटी प्राणी बाळगणाऱ्यानं त्याच्या स्वभावाची जोखीम घेतलेलीच असते, 'मला काय माहीत तो चावेल' हे म्हणता येत नाही. त्यात नाग हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा प्राणी. विनापरवाना बाळगणं हाच गुन्हा. आणि बेकायदा कृत्याचं ओझं विमा कंपनी उचलणार नाही. 1872 च्या करार कायद्यानुसार बेकायदा हेतूचा करारच टिकत नाही. म्हणजे पाहुण्याची भरपाई तुमच्या खिशातून आणि वर फौजदारी.

पाहुण्याच्या बाजूनं मात्र दोन दारं उघडी असतात, ज्यांना कोणाची चूक शोधावी लागत नाही. वर्षाला 20 रुपयांत मिळणारा पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला 2 लाख. आणि तो शेतकरी कुटुंबातला असेल तर राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. सर्पदंश त्यात येतो, मृत्यूला 2 लाख. सर्पदंश झाल्यावर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, हे मी प्रत्येक वेळी सांगतो, आजही सांगतो. सरकारी दवाखान्यात लस असते आणि पुढच्या दाव्याचा कागदही तिथेच तयार होतो.

कुत्र्याचं थोडक्यात. पाळीव कुत्रा चावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लागतं: प्राण्याबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा दंड कुठलाही विमा भरत नाही. विमा भरतो ती दिवाणी भरपाई, म्हणजे ज्याला चावला त्याचा खर्च, तोही दायित्वाच्या भागात प्राणी वगळलेले नसतील तर. काही कंपन्यांच्या कुत्र्यांसाठीच्या पॉलिसीत 'थर्ड पार्टी'चा वेगळा भाग मिळतो. पुण्यात सोसायटीत रॉटवायलर पाळणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा, एवढी माझी नम्र विनंती.

पुण्याचाच अजून एक नेहमीचा प्रकार. वरच्या फ्लॅटची टाकी किंवा पाइप फुटतो, खालच्याच्या पीओपीचा नकाशा होतो. इथं खालच्या माणसानं वरच्याशी वर्षभर भांडण्यापेक्षा स्वतःची गृह रक्षा पॉलिसी बघावी. पाइप फुटून झालेलं नुकसान तिच्यात असतं. वरच्याच्या पॉलिसीतून वरच्याचंच लाकडी फ्लोअरिंग दुरुस्त होतं, खालचं छत नाही. हळूहळू झिरपणारी ओल मात्र दोघांच्याही पॉलिसीत बसवणं कठीण.

आता कामाची माणसं. पावसाळ्याआधी शाकारणीला आलेला माणूस छपरावरून पडला, तर तो 'थर्ड पार्टी' आहे का? बहुतेक पॉलिसी म्हणतात, नाही. तुम्ही कामावर लावलेली माणसं दायित्वाच्या भागातून वगळलेली असतात, त्यांच्यासाठी कामगार भरपाईचा वेगळा भाग घ्यावा लागतो. कामगार भरपाईचा कायदा 1923 पासूनचा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. घरमालकाला तो कधी लागतो हे कामाच्या स्वरूपावर ठरतं. पण गवंडी ठेकेदारानं आणलाय की तुम्ही थेट सांगितलाय, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. मोठं काम असेल तर ठेकेदाराशी एका साध्या कागदावर लिहून घ्या. आपल्याकडं लिहून मागितलं की 'विश्वास नाही का?' असं येतं. हो, विश्वास आहे, तरी लिहा.

आणि शेतातल्या तारेचं काय, असं कोणीतरी विचारणारच. रानडुकरं, गवे यांच्यासाठी कुंपणात थेट वीज सोडणं. घराची पॉलिसी घरापुरती, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या जागेपुरती. शेत त्यात नाही. आणि असतं तरी हे कृत्य बेकायदा. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशच्या वीज मंडळाला रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेनं सायकलस्वार गेला म्हणून जबाबदार धरलं, मंडळ सांगत होतं की तार तिसऱ्याच कोणीतरी चोरून टाकली होती, तरीही. वीज हाताळणाऱ्याला कायदा इतका कडक आहे. माणूस मेला तर हा विम्याचा विषय उरतच नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला वाचताना खरंच नवलाची वाटली. आपल्यापैकी बहुतेकांकडे एक दायित्वाचा विमा आधीपासून आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. गॅस सिलिंडर! सरकारी तेल कंपन्यांनी एलपीजी अपघातांसाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी काढून ठेवलेली असते. आपण वेगळा हप्ता भरत नाही. मृत्यू झाल्यास माणशी 6 लाख, औषधोपचाराला एका अपघातात एकूण 30 लाख, पण माणशी 2 लाखांपर्यंत, आणि ग्राहकाच्या नोंदणीच्या पत्त्यावर मालमत्तेच्या नुकसानीला 2 लाखांपर्यंत. 'नोंदणीच्या पत्त्यावर' हे शब्द नीट ऐका. कनेक्शन गावच्या पत्त्यावर आणि सिलिंडर पिंपरीच्या भाड्याच्या खोलीत, हा आपला सर्वमान्य उद्योग आहे. तिथं स्फोट झाला तर मालमत्तेच्या दाव्यात काय होईल, सांगायला नको. अपघात झाला की वितरकाला लगेच लेखी कळवायचं, कंपनी पुढे विमा कंपनीला कळवते. होज पाइप मुदत संपलेला नको.

माझा कॉलेजातला एक मित्र न्यू जर्सीत घर घेऊन आहे. त्याच्याशी यावर बोललो तर त्याला आश्चर्य वाटलं की आपल्याकडे हे वेगळं मागावं लागतं. अमेरिकेतल्या घराच्या नेहमीच्या पॉलिसीत 'पर्सनल लायबिलिटी' आतच असते, साधारण 1 लाख डॉलरपासून पुढे, आणि खटला झाला तर वकीलही कंपनीच देते. शेजारचं पोर अंगणात पडलं तरी दावा येतो तिथे. कुत्र्यांमुळे झालेल्या इजांसाठी 2023 या एका वर्षात तिथल्या विमा कंपन्यांनी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम दिली. तिथं प्रश्न उलटा असतो: ट्रॅम्पोलिन ठेवलं, अमुक जातीचा कुत्रा पाळला, तर कंपनी पॉलिसीच द्यायला कुरकुर करते. आपल्याकडे लोक दावाच करत नाहीत म्हणून हा विमा खपत नाही, आणि विमा नाही म्हणून दावा करून मिळणार काय असं लोकांना वाटतं. पण हे बदलतंय असं मला दिसतंय. म्हशीचे पैसे मागणारा तो शेजारी काही वाईट माणूस नाही. दुभती म्हैस म्हणजे त्याच्या घरचा महिन्याचा पगार आहे.

पॉलिसी घेताना दोन आकडे बघा: एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती. अनेकदा हा आकडा हास्यास्पद लहान असतो, तो वाढवून मागता येतो. आणि दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. आपल्या भागासाठी लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. फक्त तिथं पॉलिसीधारक जाऊ शकतो. शेजारी तुमच्या पॉलिसीवरून लोकपालाकडे जाऊ शकत नाही, त्याला तुमच्यावरच दावा करावा लागतो.

हा भाग तयार करताना मी आमच्या शिराळ्याच्या घरासाठी एका एजंटला ईमेल केला. विचारलं: दायित्वाचा भाग मिळेल का, प्रति अपघात मर्यादा किती, प्राणी वगळलेत का, कामगारांसाठी वेगळं काय घ्यावं लागेल, दगड-मातीच्या भिंती तुमच्या व्याख्येत पक्क्या की कच्च्या. पाचपैकी तीन प्रश्नांना उत्तर आलं. शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांनी चारही बाजूंचे फोटो मागितले. वडील मोबाइल घेऊन परसात गेले, फोटो काढताना त्यांच्या लक्षात आलं की मागच्या भिंतीनं मधोमध पोट काढलंय. विम्याचं पुढचं नंतर बघू म्हणाले. सध्या घरी गवंडी आहे.

पुढच्या भागात भाडेकरू आणि विमा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, गावाकडच्या भाषेत पाठवल्या तर अजून छान.